गालिच्याखालचे पाणी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराच्या काठी ॲनापोलिस नावाचे गाव आहे. मेरीलँड राज्याची ही राजधानी. परंतु शिडाच्या नौकांचे माहेरघर म्हणूनच तिची ख्याती अधिक. १९७० पासून तेथे ऑक्टोबर महिन्यात नौकांचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे. प्रदर्शन आटोपले की थंडीची चाहूल लागते आणि नौका एकेक करून पाण्याबाहेर काढल्या जातात. लोखंडी टेकूंवर उभ्या केलेल्या, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या त्या नौकांची रांग एखाद्या गोदामात थप्पी लावून ठेवलेल्या मालासारखी दिसते. मार्च संपता संपता प्लास्टिक उतरते, मालक शिडी लावून वर चढतात, केबिनचे दार सरकवतात, आणि त्यांची पहिली गाठ पडते ती वासाशी.

ओल, बुरशी, जुने डिझेल आणि खारे पाणी यांचे ते मिश्रण असते. या नौका म्हणजे धनिकांचे तरंगते महाल नव्हेत. बहुसंख्य नौका तीसेक फूट लांबीच्या, तीस-चाळीस वर्षे वयाच्या, दोन-तीन मालकांच्या हातून आलेल्या असतात. त्यांतील कित्येक जुन्या मोटारीच्या किमतीतही मिळतात. आत दोन बाके, एक छोटा ओटा, झोपण्याचा कोनाडा, आणि मधोमध चार-साडेचार चौरस मीटर चालण्याची जागा. त्या जागेवर कारखान्यातून आलेला किंवा मागच्या मालकाने चिकटवलेला गालिचा असतो. वास त्याच्यातूनच येतो असे मानून घरात ठराव होतो की, यंदा हा गालिचा काढायचा आणि त्या जागी अस्सल लाकूड बसवायचे. ठराव योग्य असतो. त्यामागचे कारण मात्र बहुधा अपुरे असते.

नौकेत मुळात गालिचा आला कसा? लाकडी नौकांच्या काळात केबिनची जमीन म्हणजे आडव्या तुळयांवर सैल बसवलेल्या फळ्या असत. १९६० नंतर फायबरग्लासच्या नौका साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागल्या. साच्यातून निघालेला आतला पृष्ठभाग खडबडीत, थंड आणि आवाज घुमवणारा. त्यावर गालिचा चिकटवला की कारागिराचे तास वाचतात, ओबडधोबड सांधे झाकले जातात आणि प्रदर्शनात आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाला ऊब लागते. व्यापाराच्या दृष्टीने हा सौदा उत्पादकाच्या फायद्याचा होता. त्याचे बिल पुढे वीस वर्षांनी तिसऱ्या मालकाच्या नावावर निघाले.

गालिच्याचा खरा वैरी पाणी नसून मीठ आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कोणत्याही गृहिणीला हे सांगावे लागत नाही; आषाढ लागला की मिठाची बरणी आपोआप पाझरू लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतून पाणी ओढून घेते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओल धरतात. एकदा खारे पाणी प्यालेला गालिचा उन्हात वाळवला तरी पाणी तेवढे उडते, मीठ धाग्यांतच राहते. आणि रात्री दव पडले की तो पुन्हा ओला होतो. गोड्या पाण्याने वारंवार धुतल्याखेरीज हे चक्र थांबत नाही. फायबरग्लासला घट्ट चिकटलेला गालिचा तसा धुणार तरी कसा?

येथपर्यंतचे गणित सरळ आहे. गालिचा जावा, लाकूड यावे. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि अनुभवी नौकामालक तोच आधी विचारतात: गालिचा भिजला कशाने?

केबिनच्या जमिनीखाली नौकेच्या तळाशी एक खोलगट पोकळी असते. तिला बिल्ज म्हणतात. नौकेत कोठूनही शिरलेले पाणी अखेरीस तेथे उतरते आणि पंपाने बाहेर फेकले जाते. पाणी शिरण्याच्या वाटा अनेक. जुन्या पद्धतीच्या यंत्रात पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथील ग्लँड मुद्दामच थेंब थेंब गळू देतात, म्हणजे दांडा तापत नाही. डोलकाठी छतातून आरपार तळापर्यंत उतरलेली असेल तर पावसाचे पाणी तिच्या आतून खाली येते. कठड्याच्या खांबांचे स्क्रू, शिडाचे ताण धरणाऱ्या पट्ट्यांच्या खाचा, खिडक्यांच्या चौकटी, यांतले जुने सीलंट सुकून तडकले की प्रत्येक पावसात वाटीभर पाणी आत उतरते. बर्फाच्या पेटीचे पाणी काही नौकांत थेट बिल्जमध्येच सोडलेले असते. गोड्या पाण्याच्या टाकीचा एखादा ढिला सांधाही पुरतो.

जुने खलाशी बिल्जमध्ये बोट बुडवून जिभेला लावतात. पाणी खारट लागले तर समुद्र आत येत आहे. गोडे लागले तर पाऊस किंवा टाकी. ही परीक्षा आजही चालते, पण आधी रंग आणि वास पाहून. कारण यंत्र गार ठेवणाऱ्या द्रावणातील ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विषारी असते. हिरवट किंवा गुलाबी झाक दिसली तर जीभ लावण्याचे काम नाही. कोरड्या पडलेल्या बिल्जमध्ये टिपकागदाचे तुकडे ठेवून, मग डेकवर एका वेळी एकाच जागी नळाचे पाणी सोडणे हा वेळखाऊ पण खात्रीचा मार्ग. कोणता कागद आधी भिजला हे पाहिले की वाट सापडते.

हे काम कोणालाच आवडत नाही. नवे लाकूड दिसते, त्याचे छायाचित्र काढता येते. बुजवलेली फट दिसत नाही. पण बँकेचा अधिकारी गहाण माल तपासायला गोदामात गेला आणि पुढच्या रांगेतील पोती मोजूनच परतला, तर मागे काय निघते हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना हा मोह ओळखीचा वाटेल. गळती न शोधता लाकूड बसवणारा मालक दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेथेच येतो. फरक एवढाच की आता सडणारी वस्तू गालिच्याच्या कित्येक पट महाग असते.

गालिचा फाडून काढणे सोपे. त्याखालचा गोंद आणि भुगा झालेला फोम काढणे हे खरे कष्ट. पातळ पाते, गरम हवेचा झोत, आणि पुष्कळ सबुरी. बंद केबिनमध्ये तीव्र वासाची द्रावणे वापरणे धोक्याचे असते. त्यांच्या वाफा हवेहून जड असल्याने त्या नेमक्या बिल्जमध्ये साचतात आणि एका ठिणगीची वाट पाहत राहतात. खरवडणे हेच बरे. गालिच्याखाली प्लायवूडची जमीन असेल तर टोच्याने टोचून पाहतात. टोच्या लोण्यासारखा आत गेला तर ती फळीही बदलावी लागते, आणि येथे अनेकांचा अंदाजखर्च कोलमडतो.

आता लाकडाची निवड. पहिली कल्पना अशी की घराच्या दिवाणखान्यासाठी मिळतात त्या खाचा-जिभांच्या पाऊण इंची फळ्या आणाव्यात आणि ठोकून टाकाव्यात. त्या सुंदर असतात, सहज मिळतात, आणि नौकेत बहुतेक वेळा चुकीच्या ठरतात.

लाकूड तोडल्यावरही हवेतील ओलीबरोबर फुगते आणि आक्रसते. लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदीत निश्चित. अमेरिकी वनखात्याच्या लाकूडविषयक हस्तपुस्तिकेतील आकडे बोलके आहेत. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने व्हाइट ओक सुमारे १०.५ टक्के आक्रसतो, सागवान सुमारे ५.८ टक्के. वलयांना काटकोनात हेच आकडे अनुक्रमे ५.६ आणि २.५ आहेत. व्यवहारात एवढी टोके गाठली जात नाहीत. समजा, कोरड्या शेडमध्ये ८ टक्के ओल असलेले लाकूड पाण्यावरच्या केबिनमध्ये जाऊन १४ टक्क्यांवर स्थिरावले. नव्वद सेंटिमीटर रुंदीची सलग जमीन ओकची असेल तर ती साधारण १९ मिलिमीटर वाढू पाहील, सागाची असेल तर १० मिलिमीटर. घरात भिंतीलगत पट्टीखाली तेवढी फट लपवता येते. नौकेत ती जागा नसते. दोन्ही बाजूंना बाकांचे फायबरग्लास असते. मग लाकूड वर उचलले जाते, कमान धरते, किंवा शेजारचा सांधा फोडते.

शिवाय उंचीचा प्रश्न. तीस फुटी नौकेत ताठ उभे राहण्याची जागा जेमतेम असते. आठ-दहा मिलिमीटरचा गालिचा काढून एकोणीस मिलिमीटरची फळी घातली तर उंच माणसाचे डोके छताला लागते, शौचालयाचे दार अडते आणि कपाटाचे खालचे कप्पे उघडत नाहीत. वजनाची चिंता मात्र अनाठायी. चार चौरस मीटरवर बारा मिलिमीटर सागवान म्हणजे तीस-बत्तीस किलो, आणि तेही नौकेच्या तळाशी. एक शाळकरी मूल अधिक बसले इतकेच.

म्हणून जाणते लोक उत्तम मरीन प्लायच्या पाटावर लाकडाचा थर चढवतात. प्लायमध्ये एकाआड एक थरांची रेष आडवी-उभी असल्याने तो रुंदीत फारसा हलत नाही. नौकेच्या प्लायसाठी ब्रिटनचे मानक बीएस १०८८ जगभर ओळखले जाते. भारतात आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक. प्लायच्या धंद्यातील वाचकांना या शिक्क्याचे मोल आणि त्याच्या नकलांचा ताप दोन्ही ठाऊक आहेत. एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितली जाते. ब्रिटिश मानकाचा शिक्का गोंद पाण्यात सुटणार नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या नसतील याची हमी देतो. लाकूड सडणारच नाही असे तो म्हणत नाही. कडा उघड्या ठेवल्या तर शिक्क्याचा प्लायही कुजतो.

वरचा थर कोणता, हा पुढचा प्रश्न. नौकांची रूढ जमीन म्हणजे सागाचे गडद पट्टे आणि त्यांच्यामध्ये हॉली नावाच्या पांढुरक्या, बारीक पोताच्या लाकडाच्या अरुंद रेघा. जुन्या नौकांत ही रेघ किंचित वर उचललेली ठेवत, म्हणजे ओल्या पायाला आधार मिळे, असे सांगितले जाते. आज हीच नक्षी तयार प्लायवर मिळते. पण तिचा वरचा पापुद्रा अनेकदा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. एकदा सँडपेपर जरा जोराने फिरला की खालचा प्लाय डोकावतो. दुसरा मार्ग म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीच्या करवतीने कापलेल्या पट्ट्या स्वतः प्लायवर चिकटवणे. याला वेळ तिपटीने लागतो, पण ही जमीन पुढील काळात चार-पाच वेळा घासून नवी करता येते. एक खर्च दर काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो, दुसरा एकदाच करून घसाऱ्याने पसरवता येतो. दहा वर्षे नौका ठेवायची असेल तर दुसराच मार्ग स्वस्त.

सागाला नौकेत एवढा मान का, हे समजण्यासाठी ॲनापोलिसहून मुंबईच्या गोदीकडे यावे लागते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथे जहाजे बांधली. त्याच घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. ती दोनशेहून अधिक वर्षांनी, आजही, इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी आणि कूज दूर राहते. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, साग तसा खात नाही. गंमत अशी की हेच तेल आजच्या गोंदाला अडथळा ठरते. म्हणून चिकटवण्यापूर्वी पट्ट्या ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावावा लागतो. तासाभराने तेल पुन्हा वर येते.

हा मान सागाला महागात पडला. ब्रिटिशांनी मलबारची जंगले इतकी उपसली की १८४० च्या दशकात निलंबूर येथे कलेक्टर कॉनोली यांच्या पुढाकाराने सागाची लागवड करावी लागली. पुढे बर्मा टीकची पाळी आली. म्यानमारने २०१४ मध्ये गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे लष्कराने सत्ता घेतल्यावर एप्रिलमध्ये अमेरिकेने आणि जूनमध्ये युरोपीय संघाने तेथील सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. त्याआधीच अमेरिकेच्या लेसी कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन बेकायदा तोडलेल्या लाकडाचा व्यापार गुन्हा ठरला होता. युरोपात २०१३ पासून लाकूड प्रथम बाजारात आणणाऱ्यावर त्याच्या उगमाची चौकशी करण्याची जबाबदारी आली. आज ॲनापोलिसच्या दुकानात सागाची पट्टी विकत घेताना ती कोणत्या देशातील, लागवडीची की जंगलातील, असे विचारणारे गिऱ्हाईक विक्षिप्त समजले जात नाही. विदर्भात बल्लारशाहच्या आगारातून लिलावाचा साग घेणारा व्यापारी ओंडक्यावरचा हातोड्याचा ठसा आणि वाहतुकीचा परवाना जसा जपून ठेवतो, तसाच हा कागद. तो मागणे हे नौकेच्या मालकाचेही काम आहे. आणि कागद नसलेला स्वस्त साग हा स्वस्त नसतोच. जावा किंवा मध्य अमेरिकेतील लागवडीचा साग मिळतो. लवकर तोडलेल्या झाडात पक्के लाकूड कमी आणि पांढरे कोवळे लाकूड अधिक, एवढे पाहून घ्यावे. आफ्रिकेचा इरोको हाही अनेकांनी स्वीकारलेला पर्याय आहे.

लाकूड आले की मापे घेण्याची पाळी येते, आणि घरकाम करणारा उत्तम सुतारही येथे प्रथम गोंधळतो. नौकेत एकही भिंत सरळ नाही, एकही कोपरा काटकोनात नाही आणि गुण्या लावावा अशी एकही कड नाही. बाजू वक्र आणि शिवाय बाहेरच्या अंगाला कललेल्या. यावर जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे. जमिनीच्या मधोमध टाकाऊ प्लायचा तुकडा घट्ट बसवायचा. एका बाजूला टोक असलेली, कडेला वेगवेगळ्या आकाराच्या खाचा कापलेली एक पट्टी घ्यायची. तिचे टोक बाजूच्या वक्र भिंतीला टेकवायचे आणि पट्टीची खाचेची बाजू प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने गिरवायची. टोक चार बोटे पुढे सरकवून पुन्हा गिरवायचे. अशी तीस-चाळीस स्थाने झाली की तो तुकडा उचलून नव्या फळीवर ठेवायचा, पट्टी एकेका रेखाटनावर नेमकी बसवायची आणि टोकाशी खूण करायची. खुणा जोडल्या की भिंतीचा वक्र हुबेहूब उतरतो. एकही आकडा लिहावा लागत नाही, म्हणून आकड्याची चूकही होत नाही.

फळी कापताना चारही कडांना दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडतात. सलग मोठा पाट कधीच करत नाहीत. खालच्या आडव्या तुळयांवर टेकतील असे तीन-चार भाग करतात आणि प्रत्येकाला बोट घालण्याचे भोक किंवा खाचेत बसणारी पितळी कडी ठेवतात. सगळ्या कामाचा जीव या कडीत आहे.

त्याचे कारण जमिनीखाली आहे. नौकेच्या तळाला मुद्दाम ठेवलेली छिद्रे असतात: यंत्र गार करण्याचे पाणी आत घेण्यासाठी, शौचालयासाठी, ओट्याच्या मोरीसाठी. प्रत्येक छिद्रावर सीकॉक नावाची झडप आणि झडपेला रबरी नळी. नळी जुनी होते, तिचा चिमटा गंजतो, आणि एखाद्या रात्री ती निसटते. पाण्याच्या पातळीखाली साठ सेंटिमीटरवर असलेल्या दीड इंची छिद्रातून मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येऊ शकते. तासाला दोन हजार गॅलन अशी जाहिरात असलेला पंप कागदावर मिनिटाला सव्वाशे लिटर उपसतो. नळीचा चढ आणि बॅटरीची मरगळ धरली तर त्याहून बरेच कमी. अंकगणित पंपाच्या विरुद्ध आहे. वाचवणारी गोष्ट एकच: कोणीतरी झडपेपर्यंत पोहोचून ती बंद करणे, आणि तेही गुडघाभर पाण्यात, अंधारात, पहिल्या काही मिनिटांत.

आता कल्पना करावी की त्या झडपेवर कोणी हौसेने सुरेख फळ्या खिळ्यांनी कायमच्या ठोकल्या आहेत. असे घडते. दिवाणखान्यासारखी सलग, सांधा न दिसणारी जमीन हवी या हट्टापायी किलचे बोल्ट, पंपाचा तरंगता खटका, वेगमापकाचे छिद्र, सारे गाडले जाते. फळी फुगून घट्ट अडकली तरी परिणाम तोच. म्हणून तर त्या दोन-तीन मिलिमीटरची किंमत. उलट टोक म्हणजे नुसत्या ठेवलेल्या सैल फळ्या: वादळात नौका आडवी झाली की त्या केबिनभर उडतात आणि माणसांना जखमी करतात. म्हणून प्रत्येक फळीला हाताने उघडेल पण आपणहून उघडणार नाही अशी खिट्टी लावतात. जुनी नौका विकताना किंवा विम्यासाठी सर्वेक्षक येतो तेव्हा तो लाकडाच्या चकाकीकडे पाहत नाही. तो प्रथम गुडघ्यावर बसून कडी शोधतो. जेथे फळी उचलता येत नाही तेथे अहवालात ‘पाहता आले नाही’ अशी नोंद होते, आणि या तीन शब्दांनी किंमत उतरते. पेढीच्या हिशेबात न उघडलेल्या खात्याची नोंदही तशीच वाचली जाते.

राहिले ते लेपन. कारागीर फळीच्या वरच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या कडा आणि खालची बाजू यांवर अधिक वेळ घालवतो. झाडाला पाणी ज्या नलिकांतून चढे त्या कापलेल्या टोकाशी उघड्या पडतात, आणि तेथूनच ओल सर्वांत वेगाने शिरते. कडांना, कडीच्या भोकाला, प्रत्येक स्क्रूच्या छिद्राला इपॉक्सीचे दोन-तीन हात दिले जातात. अमेरिकेत मिशिगन राज्यातील गौजन बंधूंनी १९६९ मध्ये नौकांसाठी ज्या इपॉक्सीचा व्यवसाय सुरू केला, तिची रेझिन व हार्डनर यांची ठरलेली मात्रा पाचास एक अशी आहे. मात्रा चुकली तर लेप वर्षभरही चिकट राहतो. ‘थोडे अधिक घातले म्हणजे लवकर वाळेल’ हा स्वयंपाकघरातील न्याय येथे चालत नाही. हातमोजे हवेतच, कारण एकदा अंगाला या रसायनाचे वावडे निर्माण झाले की ते सहसा जात नाही. शिवाय दहा अंश सेल्सिअसखाली नेहमीचे मिश्रण नीट घट्ट होत नाही, म्हणून चेसापीकच्या काठी हे काम एप्रिलपर्यंत थांबते. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. दारातून आत येणारे ऊन पिवळेपणा आणि भुगा करते. त्यामुळे वर व्हार्निशचे हात हवेत.

येथे शेवटचा मोह आड येतो तो आरशासारख्या चकाकीचा. वाऱ्यात नौका वीस अंश कलते. अशा वेळी ओल्या पायांनी, हातात उकळत्या चहाचे भांडे घेऊन केबिनमधून जाणाऱ्या माणसाला चकाकी नको, पकड हवी असते. मंद झाकेचे, पायाला किंचित खरखरीत लागणारे व्हार्निश छायाचित्रात फिके दिसते. पण घसरून बरगडी मोडलेल्यांचे मत त्याच्याच बाजूचे आहे. ऊब हवी तर एक लहान सतरंजी खाली रबराची जाळी घालून पसरावी; भिजली की उचलून गोड्या पाण्यात धुता येते, दोरीवर वाळत घालता येते. गालिच्यावर कोणाचा राग नव्हता, तो चिकटवलेला होता हीच अडचण होती.

मेच्या पहिल्या आठवड्यांत ॲनापोलिसच्या यार्डात चाकांची उंच क्रेन फिरू लागते. दोन रुंद पट्ट्यांच्या झोळीत नौका उचलून पाण्यावर आणली जाते आणि हळूहळू खाली सोडली जाते. ती तरंगू लागली तरी चालक पट्ट्या लगेच सैल करत नाही; तो इंजिन चालू ठेवून थांबतो. मालक किंवा मालकीण बॅटरी घेऊन आत उतरते, एकेक कडी ओढून फळी बाजूला ठेवते, प्रत्येक झडपेभोवती हात फिरवून पाहते. बोटे कोरडी आली की वर येऊन अंगठा दाखवला जातो, आणि मगच पट्ट्या सुटतात.